झिरोकाकांच्या घरातला उजेड

आमच्या इमारतीत सगळे त्यांना झिरोकाका म्हणायचे. तोंडावर नव्हे, तोंडावर ते नुसतेच काका. पाठ फिरली की झिरोकाका. झिरोचा दिवा म्हणजे झोपताना लावतात तो, लिंबाएवढा, ज्याच्या उजेडात पलंग कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते एवढंच कळतं. इतरांच्या घरी तो झोपेचा सोबती असायचा. काकांच्या घरी दिवस मावळला की तोच लागायचा, आणि घरातला कर्ता दिवाही तोच. पाहुणे आले तर मोठा दिवा लागे, पण निघताना पाहुण्यांना दाराशी चपला सापडेपर्यंतसुद्धा तो टिकत नसे.

काका वीज कंपनीत मीटरचं रीडिंग घ्यायचे. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, आणि दिवसभर लोकांच्या जिन्याखाली, दारांमागे, जाळ्याजळमटांत डोकं घालून आकडे टिपायचे. त्या काळी मीटरमध्ये एक पातळ चकती आडवी फिरायची. तिच्या कडेला लाल खूण. घरात जितकी वीज लागेल तितकी ती जोरात फिरणार. काका म्हणायचे, चकती बघितली की घर कळतं. संध्याकाळी कामावरून आले की ते आधी स्वतःच्या दाराबाहेरच्या मीटरपुढे उभे राहायचे आणि मग कडी वाजवायचे. बेल बसवलेली नव्हती, कारण बेललाही वीज लागते. चकती जरा लगबगीनं फिरताना दिसली तर चपला काढायच्या आत विचारायचे, बाथरूममधला दिवा कोण विसरलं. आणि बहुतेक वेळा कुणीतरी विसरलेलं असायचंच.

झिरोच्या दिव्यावर त्यांचा एवढा जीव, त्याचं कारणही ही चकतीच. घरात नुसता झिरो लावला तर ती हलत नसे. मीटर जुनं होतं म्हणून असेल, इतकी कमी वीज त्याला जाणवत नसेल म्हणून असेल, पण चकती आपली मख्ख. काकांनी हे कितीदा तरी बघून घेतलं होतं. त्यामुळे त्यांची ठाम समजूत, की हा दिवा फुकट आहे आणि बाकीचे सगळे पैसे खातात.

ऐकणाऱ्याला वाटेल, माणूस पक्का चिक्कू. तसं म्हणता येणार नाही. कुणाच्या घरी आजारपण असलं तर काका न सांगता उभे राहायचे. भाजी चांगली आणायचे, लेकीला बूट चांगले घ्यायचे. त्यांचा हात आखडायचा तो फक्त बटणापाशी. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. ते लहान असताना त्यांच्या वडिलांचं काम सुटलं आणि बिल थकलं. भर दुपारी, शेजारीपाजारी दारात बसलेले असताना, कंपनीचा माणूस शिडी घेऊन आला आणि त्यांची तार कापून गेला. त्यांची आई शेजारणींना सांगत राहिली, की दुरुस्ती चाललीय, उद्या येईल. तो उद्या यायला फार दिवस लागले. काकांनी हे मला सांगितलं ते म्हातारपणी, आणि सांगतानाही आवाज खाली आणून, जणू त्या शेजारणी अजून दारात बसल्या होत्या. पुढे त्याच खात्यात त्यांना नोकरी लागली. दर महिन्याला कुणाची ना कुणाची तार कापली जाताना ते बघत, आणि घरी येऊन आपला एखादा दिवा विझवत.

काकू त्यांच्या घरी आल्या त्या अगदी उलट घरातून. त्यांचं माहेर कापडाच्या दुकानाच्या वर होतं. दुकानाच्या पाटीचा उजेड खिडकीतून आत यायचा आणि त्या उजेडात काकू लहानपणापासून वाचत आलेल्या. गोष्टी, कादंबऱ्या, मासिकं, काहीही. सामान बांधून आलेला कागदसुद्धा त्या सरळ करून वाचायच्या. लग्नानंतर काकांनी त्यांच्या नावानं वाचनालयाची वर्गणी भरली. कामावरून येताना वाकडी वाट करून ते पुस्तक बदलून आणायचे. काकूंना कोणते लेखक आवडतात हे त्यांना पाठ झालं होतं. पुस्तक टेबलावर ठेवायचे, हातपाय धुवायचे, आणि मोठा दिवा बंद करायचे. त्यात काही विपरीत आहे असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. दिवसाचा उजेड देवानं फुकट दिलाय, तेव्हा वाचावं, असं त्यांचं म्हणणं. दिवसा काकू काय करतात, धुणं, स्वयंपाक, शिवण, लेकीचं सगळं, हा हिशेब चकतीवर दिसत नव्हता.

काकूंनी भांडण केलं नाही. त्यांनी वाट काढली. त्यांच्या दाराबाहेर, जिना वळतो तिथं थोडी मोकळी जागा होती आणि डोक्यावर एक साठ वॅटचा पिवळा दिवा. सगळ्या इमारतीचा सामाईक. संध्याकाळी स्वयंपाक उरकला की काकू एक पाट घेऊन तिथं बसायच्या. ताई, म्हणजे त्यांची लेक, वरच्या पायरीवर दप्तर मांडायची. आम्ही पोरं वरखाली पळायचो तेव्हा ताई वही उचलायची, काकू पाय आवरायच्या, आणि दोघी पुन्हा वाचायला लागायच्या. येणारेजाणारे म्हणायचे, काय हो, आज पण शाळा भरली का? काकू हसायच्या. काका आत झिरोच्या उजेडात रेडिओ ऐकत असायचे, आणि त्यांना वाटायचं, बायको समजूतदार मिळाली.

समोरच्या खोलीत एक नर्सबाई राहायच्या, एकट्याच. त्यांना पाळीवरून येताना रोज हे दिसायचं. एका थंडीत त्यांनी ताईला म्हटलं, की पायरी गार असते, आत येऊन बस, मला काही तुझी अडचण नाही. ताई एक दिवस गेली, दुसऱ्या दिवशी गेली, आणि मग तिचं दप्तर तिथंच राहायला लागलं. तिथं टेबल होतं, टेबलावर दिवा होता. हळूहळू तिची गाणी, तिच्या परीक्षा, तिची रडारड, सगळं समोरच्या खोलीत व्हायला लागलं. काकांना वाईट वाटलं नाही. उलट त्यांनी कौतुकानं सांगितलं, की पोरगी अभ्यासाला कुठंही बसते, तिचे नखरे नाहीत. काकू मात्र पाट घेऊन एकट्या जिन्यावर बसायच्या आणि मधूनमधून समोरच्या बंद दाराकडे बघायच्या.

मग बाजारात ते गुंडाळलेल्या नळीचे सीएफएल दिवे आले. नर्सबाईंनी एक लावला. काकूंनी तो पाहिला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच काकांकडे स्वतःसाठी काही मागितलं. म्हणाल्या, वीज कमी खातो म्हणतात, उजेडही भरपूर देतो, आपण एक घेऊ या का. काकांनी दुकानात किंमत विचारली आणि तसेच परत फिरले. पण बायकोनं मागितलंय, तेव्हा नाही म्हणवेना. त्यांनी हातगाडीवरचा एक घेतला. दिसायला तसाच, किमतीला निम्म्याहून कमी, खोक्यावर कंपनीचं नाव पुसट. तो महिनाभर बरा चालला, मग फडफडायला लागला, मग एक दिवस बुडाशी काळा पडून गेला. हातगाडीवाला तर केव्हाच दुसऱ्या गल्लीत गेला होता. काकांना जणू पुरावाच मिळाला. नवं ते सगळं फसवं, आपला झिरो बरा. काकूंनी मेलेला दिवा कागदात गुंडाळून टाकून दिला आणि पुन्हा विषय काढला नाही.

ताई शिकली, तिला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली, तिनं तिथंच लग्न केलं. सुट्टीत यायची तेव्हा बॅग इकडे ठेवायची आणि बसायची तिकडे, नर्सबाईंकडे. जेवायला आली तरी संध्याकाळ झाली की अस्वस्थ व्हायची, म्हणायची, जरा समोर जाऊन येते. काका म्हणायचे, जा की, तुझंच घर आहे ते. आपण काय म्हणतोय हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं. काकूंच्या यायचं.

पुढे नर्सबाई निवृत्त होऊन भावाकडे राहायला गेल्या आणि समोरच्या खोलीला कुलूप लागलं. ताईचं येणं आणखी कमी झालं. त्याच सुमारास जिन्यातला दिवा काढून तिथं कुणी हललं की लागणारा आणि लगेच विझणारा दिवा बसवला. तिथं बसून वाचायचं तर दर मिनिटाला हात हलवावा लागायचा. काकूंनी काही दिवस तेही केलं. मग पाट आत नेऊन ठेवला.

त्यानंतरची दोनतीन वर्षं काकांना नीट आठवत नाहीत, आणि हेच त्यांना सगळ्यात जास्त खुपतं. काकू चहा ओतताना थोडा बशीत सांडायला लागल्या. स्टुलाला पाय लागायचा. कुणी बाजूनं येऊन बोललं तर दचकायच्या. वाचनालयाची पुस्तकं मुदतीआधीच परत जायला लागली. काकांना वाटलं, हल्ली भराभर वाचते. एकदा भाजी निवडता निवडता काकू म्हणाल्या, "मला हल्ली कमी दिसतं हो. उजेड पुरत नाही." काका म्हणाले, की दिवा तोच आहे, इतकी वर्षं पुरला, आताच काय झालं. ते चिडून बोलले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटलं. काकू बरं म्हणाल्या. त्यांनाही ते पटलं. घर अंधारं, म्हणून आपल्याला दिसत नाही. इतकं सरळ उत्तर समोर असताना दुसरं कोण शोधणार?

काका निवृत्त झाले त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीनं इमारतीतली सगळी जुनी मीटर काढून नवी बसवली. त्यात चकती नव्हती. एक बारीक लाल दिवा होता, वीज वापरली जाईल तसतसा लुकलुकणारा. बसवायला आलेला माणूस काकांच्या ओळखीचाच. दोघांनी चहा घेतला, जुन्या साहेबांच्या नकला केल्या. तो गेल्यावर काका सवयीनं बाहेर येऊन मीटरपुढे उभे राहिले. घरात एक झिरो सोडून काही लागलेलं नव्हतं. लाल दिवा लुकलुकला. काका थांबले. पुन्हा लुकलुकला. त्यांनी आत जाऊन झिरो विझवला, बाहेर आले. लाल दिवा गप्प. पुन्हा लावला, पुन्हा लुकलुक. शेजारच्यांना वाटलं, निवृत्तीनंतर म्हाताऱ्याला भ्रम झाला.

दुसऱ्या दिवशी तो झिरो खिशात घालून ते कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकान एक बाई चालवायच्या, नवऱ्याच्या पश्चात, आणि त्यांची जीभ पान कातरायच्या कात्रीसारखी. त्यांनी दिवा हातात फिरवून पाहिला, म्हणाल्या, याचं नाव झिरो, पण पोट भरपूर आहे, पंधरा वॅट खातो हा. मग फळीवरून एलईडीचा एक खोका काढून काकांपुढे ठेवला. नऊ वॅट. म्हणाल्या, वॅट म्हणजे खातो किती, ल्युमेन म्हणजे देतो किती. गिऱ्हाईक एकच बघतं आणि फसतं. रस्त्यावरचा घेऊ नका, ज्याच्यावर गॅरंटी लिहिलीय तो घ्या, खोका टाकू नका. काकांनी घाबरत किंमत विचारली. ती ऐकून त्यांना दुसऱ्यांदा विचारावी लागली. पूर्वी ज्या किमतीनं ते दुकानातून परत फिरले होते, तिच्या पासंगालाही ही पुरत नव्हती. कधी उतरली, कुणी उतरवली, त्यांना पत्ताच नव्हता. इतकी वर्षं ते या दुकानावरून जात होते, पण मान वळवून बघितलं नव्हतं.

तरी त्यांनी एकच घेतला. जुना अनुभव होता ना. तो स्वयंपाकघरात लावला आणि दिवसातून दहादा मीटर बघितलं. काकू म्हणाल्या, बरा आहे. त्या अशा सपाट आवाजात म्हणाल्या, की काकांना थोडं लागलं. पण त्यांना वाटलं, एकाच खोलीत आहे म्हणून. सगळीकडे लागले की बघ कशी खूश होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खर्च करायची घाई झाली होती.

ते दुकानातून खोल्यांना पुरतील एवढे दिवे घेऊन आले. येताना वाचनालयात जाऊन काकूंच्या आवडत्या लेखिकेची जाडजूड कादंबरी आणली. संध्याकाळी काकूंना खुर्चीत बसवलं, पुस्तक मांडीवर दिलं, आणि एकेक बटण दाबत घरभर फिरले. घर पांढरंशुभ्र झालं. मी त्या दिवशी तिथं होतो; आईनं काहीतरी द्यायला खाली पाठवलं होतं. मला आठवतंय, की मीसुद्धा ते घर पहिल्यांदाच पाहत होतो. भिंतीचा रंग फिकट हिरवा आहे हे मला माहीत नव्हतं.

काका खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "आता कसं वाटतंय?"

काकूंनी वर बघितलं, हसल्या, म्हणाल्या छान आहे. मग पुस्तक उघडलं. जवळ धरलं, लांब धरलं, मान सरकवत सरकवत ओळ शोधली. एक पान उलटलं, पण वाचून नव्हे; नुसतंच. आणि अगदी हळू, काकांना वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाल्या, "दिवा चांगला आहे हो तुमचा. पण मला तर पहिल्यासारखंच दिसतंय."

काका भिंतीकडे बघत होते. स्वयंपाकघराच्या दारापासून बाथरूमपर्यंत, हाताच्या उंचीवर, भिंतीवर एक मळकट पट्टा गेलेला होता. कुणीतरी रोज भिंतीला हात लावून चालल्याचा. कपाटाच्या कडेला तो तुटायचा आणि पुढं पुन्हा सुरू व्हायचा. खुर्चीच्या पाठीवर तोच, दाराच्या चौकटीवर तोच. काकूंच्या कोपरावर आणि हातावर निळेजांभळे डाग होते, काही जुने, काही ताजे. हे सगळं त्या घरात किती दिवस होतं कोण जाणे. दिसायला उजेड नव्हता. काकांनी बोटानं त्या पट्ट्याला स्पर्श केला. मी हातातली वाटी टेबलावर ठेवली आणि निघून आलो.

सकाळी ते काकूंना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, यंत्रापुढे बसवलं, ठिपके दिसले की बटण दाबायला सांगितलं. काकू बराच वेळ बटण दाबत नव्हत्या, तेव्हा काकांना वाटलं यंत्र बिघडलंय. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्यात फारसं काही उरलं नव्हतं. उजव्यात मधोमध एक झरोका होता, कडांचं सगळं गेलेलं. जे गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं; आता थेंब घालून जे आहे ते सांभाळायचं, एक वेळही चुकवायची नाही.

काकांनी विचारलं, की अंधारात वाचून झालं का हे. त्या म्हणाल्या नाही, कमी उजेडानं हा आजार होत नाही, तो आत डोळ्याच्या दाबामुळे होतो. काकांनी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. मग डॉक्टरीणबाईंनी काकूंना विचारलं, की इतकं होईपर्यंत तुम्हाला काहीच कसं जाणवलं नाही.

"जाणवत होतं," काकू म्हणाल्या. "पण आमच्या घरात उजेड कमीच असतो ना. मला वाटलं, त्यानंच."

त्या तक्रार करत नव्हत्या. विचारलं म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. काका पुढे मला सांगत होते, की बाईंनी आपल्याला दोषी ठरवलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. लवकर आला असतात तर बरंच राखता आलं असतं, एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते त्या सगळ्यांनाच म्हणत असणार.

ताई धावत आली. या वेळी समोरच्या खोलीला कुलूप होतं, तेव्हा ती इथंच राहिली. आईला थेंब कसे घालायचे ते बापाला शिकवलं, कपाटाच्या कडांना कापडी पट्ट्या चिकटवल्या, स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. आठवडाभर ती बापाशी कामापुरतंच बोलली. निघायच्या आदल्या दिवशी काकांनीच विषय काढला. म्हणाले, की डॉक्टरांनी सांगितलंय, अंधारामुळे नाही झालं. ताई कपडे घड्या घालत होती. ती म्हणाली, "माहितीये बाबा. अंधाराचं मला काहीच नाही. तुम्ही दिवा बंद करायचात तेव्हा बटणाकडे बघायचात. आमच्याकडे कधी बघितलंच नाही."

काकांनी त्यावर काय म्हटलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. ताई दुसऱ्या दिवशी गेली. हल्ली फोन करते, पण तो आईला.

महिन्यानं बिल आलं. घरभर दिवे, रोज, उजाडल्यासारखे. आणि बिल पूर्वीपेक्षा जेमतेम दोन कप चहाएवढं जास्त. काकांनी ते उलटसुलट करून पुन्हा पुन्हा वाचलं. दुसऱ्या कुठल्याही माणसाला आनंद झाला असता. ते म्हणाले, आयुष्यभर राखण केली ती कशाची, तेच कळेना.

मग त्यांनी वाचून दाखवायला सुरुवात केली. ती जाडजूड कादंबरी तशीच पडली होती. काकांनी जन्मात आकड्यांखेरीज काही वाचलं नव्हतं. पुस्तकं फक्त वाहिली होती. ते रीडिंग सांगितल्यासारखं वाचायचे, एका सुरात, पूर्णविरामाला न थांबता. बाईचं बोलणं पुरुषाच्या तोंडी जायचं. काकू मध्येच दुरुस्त करायच्या, हसायच्याही. एक दिवस चांगलं रंगात आलं असताना काकांनी मान वर करून विचारलं, आवडतंय ना.

"आवडतंय," त्या म्हणाल्या. "पण मला वाचायचं होतं हो. ऐकायचं नव्हतं." आणि मग त्यांनी हात पुढे करून त्यांचा गुडघा चाचपला, म्हणाल्या, वाचा पुढं.

काकांनी वाचलं. ते म्हणतात, त्या पानावर काय होतं ते त्यांना आजही आठवत नाही.

मी आता दुसरीकडे राहतो. वर्षातून एकदोनदा जाणं होतं, तेव्हा काका हमखास कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेरच्या बाकावर सापडतात. काकू दुपारी पडतात तेवढ्या वेळात ते तिथं येऊन बसतात आणि गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकतात. कुणी म्हणालं, जरा जास्त उजेडाचा द्या, घरात हल्ली कमी दिसतंय, की काका बाकावरून उठतात. म्हणतात, दिवा घ्या, पण आधी डोळे तपासून घ्या. लोकांना वाटतं, म्हातारा एखाद्या दवाखान्याचा दलाल असेल. दुकानदारीणबाई कुरकुरतात, की हे गिऱ्हाईक पळवतात माझं. पण बाक आत घेत नाहीत.

मागच्या खेपेला मी बसलो होतो तेव्हा एक तरुण माणूस आला, मोटरसायकल चालूच ठेवून. आईच्या खोलीत बारा वॅटचा हवा म्हणाला, ती सारखी म्हणते अंधार वाटतो. काका उठले, त्यांनी आपलं सांगितलं. तो हसून म्हणाला, की वय झालंय आजोबा तिचं, दुसरं काही नाही. दिवा खिशात कोंबून निघूनही गेला. काका रस्त्याच्या मध्यापर्यंत त्याच्या मागं गेले. मोटरसायकल वळणाआड गेली तरी ते तिकडेच बघत उभे होते.

परत आले तेव्हा मला म्हणाले, "घर कुठं आहे ते विचारायला हवं होतं."

मग घड्याळाकडे बघितलं, काकूंच्या थेंबांची वेळ झाली होती. मला चल म्हणाले नाहीत, ये म्हणाले नाहीत. घाईघाईनं चालायला लागले.